जुन्या धाटणीचा ब्लेड पटर: चारपैकी कोणता घ्यावा?

प्रश्न: मी दीड वर्षापासून गोल्फ खेळतो. उजव्या हाताने खेळतो, उंची १६८ सेंटिमीटर. सेटबरोबर आलेला मोठ्या डोक्याचा मॅलेट पटर (ग्रीनच्या आखूड गवतावर बॉल होलमध्ये ढकलायची काठी) वापरतो आणि दोन-तीन मीटरचे पट, म्हणजे हे हलके फटके, बरेचदा होलच्या डाव्या बाजूने निघून जातात. जुन्या धाटणीचा बारीक ब्लेड पटर मला मनापासून आवडतो, पण नामांकित मिल्ड पटरच्या किमती माझ्या आवाक्याबाहेर आहेत. शोधून चार पर्याय काढलेत. पहिला, वापरलेला जुना पिंग आन्सर, ३५ इंची, अक्षरांतला रंग उडालेला, ग्रिप कडक झालेली. दुसरा, विल्सन ८८०२च्या पद्धतीचा, हीलमधून (डोक्याच्या खेळाडूकडच्या टोकातून) शाफ्ट, म्हणजे दांडा, निघणारा ब्लेड, तोही ३५ इंची. तिसरा, अनोळखी ब्रँडचा कोरा ब्लेड, ३४ इंची आणि सगळ्यांत स्वस्त. चौथा, ‘एकदाही न वापरलेला’ स्कॉटी कॅमरन न्यूपोर्ट २, नव्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत. यातला कोणता घेऊ? ब्लेड मला झेपेल का? आणि घेताना नेमकं काय तपासू?

उत्तर: पहिला घ्या. पण हातात घेऊन, पुढे सांगतो तसा तपासून घ्या, आणि वाचलेल्या पैशांतून त्याला नवी ग्रिप बसवा. दुसरा फार देखणा आहे, पण तुमच्यासाठी आत्ता नाही. तिसऱ्यात पैसे थोडे जातील, पण पुढे त्यात काही दुरुस्त करता येणार नाही. चौथ्याच्या वाटेला जाऊच नका.

आधी झेपण्याचा प्रश्न. ब्लेड म्हणून विकले जाणारे पटर दोन घराण्यांतले असतात आणि त्यांचा स्वभाव एकमेकांपासून बराच वेगळा असतो. विल्सन ८८०२च्या घराण्यात डोकं म्हणजे धातूची एक बारीक पट्टी आणि शाफ्ट थेट हीलमधून वर गेलेला. गोल्फपटू बेन क्रेन्शॉने १९८४ आणि १९९५ची मास्टर्स स्पर्धा अशाच पटरने जिंकली. त्याच्या हातात तो जादू करायचा यात शंका नाही, पण या डोक्याचा स्वीट स्पॉट (जिथे बॉल लागला की डोकं वळत नाही ती जागा) लहान असतो, फेसच्या, म्हणजे बॉलला लागणाऱ्या बाजूच्या, मध्यापेक्षा हीलकडे सरकलेला असतो आणि तो दाखवणारी रेघ बहुतेक वेळा डोक्यावर नसते. बॉल टोकडे (खेळाडूपासून दूरच्या टोकाकडे) लागला की डोकं उघडतं, म्हणजे उजवीकडे वळतं, बॉल उजवीकडे निघतो आणि आखूडही पडतो.

दुसरं घराणं आन्सरचं. जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर असलेल्या कार्स्टन सोल्हाइम यांनी तो १९६६मध्ये आणला. डोक्याच्या मधलं वजन काढून त्यांनी ते हील आणि टो अशा दोन टोकांना नेलं. वजन टोकांना असलं की बॉल मध्याच्या एक-दीड सेंटिमीटर बाजूला लागला तरी डोकं कमी फिरतं. पेटंटची मुदत संपल्यावर हा आराखडा सगळ्यांनी उचलला. आज कुठल्याही कंपनीच्या ब्लेड पटरांच्या रांगेसमोर उभे राहा, बहुतेक त्याच बांधणीचे दिसतील. टायगर वुड्सने आपल्या १५पैकी १४ मेजर (सर्वांत मोठ्या) स्पर्धा ज्या न्यूपोर्ट २ने जिंकल्या, तोही आन्सर २च्याच वळणाचा. म्हणजे तुमच्या यादीतला पहिला आणि चौथा, खरा असता तरी, जवळजवळ एकाच घडणीचे आहेत. फरक धातूच्या कामाचा आणि नावाचा आहे. मिल्ड डोकं अखंड ठोकळ्यातून कोरून काढतात, कास्ट डोकं साच्यात ओततात आणि मग त्याचा फेस सपाट करून घेतात. आवाज आणि हाताला येणारा झणका थोडा वेगळा असतो, पण फेस सपाट असेल तर बॉल दोन्हींवरून सारखाच निघतो. कमी पैशांत ब्लेड घ्यायचा तर जुनं कास्ट डोकं हा सगळ्यांत शहाणा सौदा आहे, असं माझं ठाम मत आहे.

आन्सरच्या घराण्यातला ब्लेड दीड वर्ष खेळलेल्या माणसाला नक्की झेपतो. मॅलेटइतकी चूक तो पोटात घालत नाही, हे खरं. तुम्ही बॉल फेसच्या कुठे मारता ते आजच बघून घ्या. सध्याच्या पटरच्या फेसवर मास्किंग टेपची पट्टी चिकटवा, बॉलवर खडूची जाड रेघ ओढा, रेघ फेसकडे येईल असा बॉल ठेवा आणि तीन मीटरचे दहा पट मारा. खडूचे ठसे दोन सेंटिमीटरच्या आत पडत असतील तर आन्सर खुशाल घ्या. तीन सेंटिमीटरपर्यंत पसरत असतील तर आधी महिनाभर ठसे जवळ आणायचा सराव करा, पटर तोवर थांबेल.

आता पट डावीकडे जाण्याबद्दल, कारण निवड मुख्यतः त्यावरच ठरते. पटिंगमध्ये बॉल कुठल्या दिशेने निघणार हे बव्हंशी फेसचा कोन ठरवतो, स्ट्रोकच्या वाटेचा वाटा त्यामानाने थोडा. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ५.४ सेंटिमीटर. फेस एकच अंश वाकडा असेल तर तीन मीटरवर बॉल ५.२ सेंटिमीटर भरकटतो. सपाट ग्रीनवरही तो कड चाटून जाणार.

हा एक अंश दोन ठिकाणांहून येऊ शकतो. तुम्ही निशाणाच डावीकडे धरत असाल, किंवा निशाणा बरोबर असून मारताना फेस मिटत, म्हणजे डावीकडे वळत, असेल. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी निशाणा तपासा. तीन मीटरवर एक टी (बॉल ठेवायची छोटी खुंटी) रोवा, नेहमीसारखा पटर लावा आणि डोकं हलू न देता मित्राला एक पुठ्ठ्याच्या बांधणीचं पुस्तक फेसला चिकटवून ठेवायला सांगा. पुस्तकाची एक कड फेसला सपाट लागली की काटकोनातली कड तुमचा खरा निशाणा दाखवते. मागे जाऊन बघा. पाच-सहा वेळा करून दरवेळी कड टीच्या डावीकडे जात असेल, तर दोष निशाण्यात आहे. मॅलेटच्या मोठ्या पाठीवरच्या रेघांनी डोळा फसतो आणि ब्लेडच्या सरळ वरच्या कडेने तो सुधारतो, असं बऱ्याच जणांचं होतं. काहींचं उलटंही होतं. म्हणून नवा पटर घेताना हीच पुस्तकाची चाचणी त्याच्यावरही करा.

निशाणा बरोबर असेल तर टो हँगकडे बघा. पटरचा शाफ्ट आडवा करून एका बोटावर तोला. फेस आभाळाकडे राहिला तर तो फेस-बॅलन्स्ड. सेटबरोबर येणारे मॅलेट बहुधा असेच असतात. आन्सर तोलला तर टो साधारण ४५ अंश खाली झुकतो. ८८०२ तोलला तर टो जवळजवळ सरळ जमिनीकडे लोंबतो. टो जितका लोंबतो तितकं डोकं फेस मिटवायला उशीर करतं. ज्याचा स्ट्रोक थोडा कमानीतून जातो आणि ज्याचे हात फेस लवकर मिटवतात, त्याला फेस-बॅलन्स्ड पटरने पट डावीकडे जायचा धोका असतो. मध्यम टो हँग त्याला आवर घालतो. हा कल आहे, कायदा नव्हे, पण तुमची तक्रार त्याच्याशी जुळते. ८८०२ इतका लोंबणारा पटर घेतलात तर डावीकडची चूक जाऊन उजवीकडची लागायची भीती आहे. तुमचे पट उजवीकडे जात असते तर मी आन्सरही सुचवला नसता, दुहेरी बाक असलेल्या शाफ्टचा फेस-बॅलन्स्ड ब्लेड सुचवला असता.

लांबीत मात्र तुमचे पहिले दोन्ही पर्याय मार खातात. १६८ सेंटिमीटर उंचीला ३५ इंच सहसा जास्त होतात. ३३ ते ३४च्या मध्ये तुमचं माप बसावं, पण अंदाजावर जाऊ नका. नेहमीच्या पवित्र्यात वाका, हात खांद्यांखाली सैल लोंबू द्या, तळवे जुळवा. दोन डोळ्यांच्या मध्ये, नाकाच्या मुळाशी एक बॉल धरून सोडा. तो खाली ठेवलेल्या बॉलवर किंवा त्याच्या दोन-तीन सेंटिमीटर आत, म्हणजे तुमच्या पायांकडे, पडला पाहिजे. त्या पवित्र्यात पटर धरा आणि डोक्याच्या तळापासून शाफ्टच्या रेषेत वरच्या हाताच्या कडेपर्यंत टेपने मोजा. त्यात दीड-दोन सेंटिमीटर मिळवा, ते तुमचं माप. पटर लांब असला की माणूस ताठ उभा राहतो, कोपरं बाहेर येतात, डोळे बॉलपासून फार आत जातात आणि टो जमिनीवरून उचलला जातो. तुमचा मॅलेटही ३५ इंची असेल तर डावीकडे जाणाऱ्या काही पटांचं मूळ तिथेच असेल.

‘मग कापून घेऊ’ हे सोपं वाटतं. कापण्याने वजनाचा तोल बदलतो. एक इंच कापला की स्विंगवेट (डोकं हाताला किती जड लागतं त्याचं माप) सुमारे ६ अंकांनी उतरतं, आणि डोक्यात साधारण २ ग्रॅम घातले की १ अंक परत येतो. म्हणजे इंचाला १२ ग्रॅम. अर्धा इंच रुंदीच्या शिशाच्या टेपची १० सेंटिमीटर पट्टी सुमारे २ ग्रॅम भरते, तेव्हा इंचभर कापल्याची पुरती भरपाई करायला ६० सेंटिमीटर टेप लागेल. आन्सरच्या पाठीमागच्या खाचेत ती बसवायची तर थरावर थर चढतात आणि लवकरच उखडू लागतात. शिवाय जुन्या आन्सरचं डोकं मुळातच हलकं, ३०० ग्रॅमच्या आसपास. आजकाल ३४ इंची पटरला ३४० ते ३५० ग्रॅमचं डोकं देतात. कापल्यावर ते आणखी हलकं लागणार आणि वेगवान ग्रीनवर हात थरथरल्याचं लगेच जाणवणार.

म्हणून हे टप्प्याने करा. पटर घेतल्यावर लगेच कापू नका. पहिले पंधरा दिवस ग्रिपवर दीड इंच खाली धरून खेळा. लांबी पटली तर आधी अर्धाच इंच कापा, गरज वाटली तर पुन्हा अर्धा. कापायचा तो ग्रिपकडून, डोक्याकडून कधीच नाही. ग्रिप बदलणार आहातच, तेव्हा त्याच वेळी कापणं सोयीचं. मग शिशाची टेप खाचेत मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना सारखी लावा, सुरुवातीला ६ ग्रॅम, आणि दोन फेऱ्या खेळून ठरवा. एकाच टोकाला लावलीत तर स्वीट स्पॉट तिकडे सरकेल. टेप नियमांना मान्य आहे, पण फेरी सुरू झाल्यावर ती लावता किंवा काढता येत नाही. विक्रेत्याकडे तोच पटर ३४ इंचात मिळत असेल तर थोडे जास्त देऊनही तो घ्या, ही सगळी खटपट वाचते. नवा पटर हातात नसताना वजनाचा अंदाज हवा असेल तर विक्रेत्याला अख्खा पटर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायला सांगा. नेहमीचा स्टीलचा शाफ्ट आणि रबरी ग्रिप मिळून पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम होतात. ते वजा केले की डोकं उरतं.

लायबद्दल, म्हणजे शाफ्ट जमिनीशी करतो त्या कोनाबद्दल, लोक उगाच धसका घेतात. टो वर राहिला की फेस डावीकडे बघतो, हे आयर्न क्लबच्या बाबतीत मोठं दुखणं आहे कारण त्यांना लॉफ्ट (फेसचा मागे झुकलेला कोन) भरपूर असतो. पटरचा लॉफ्ट ३-४ अंशांचा. लाय दोन अंशांनी चुकला तरी दिशा सुमारे ०.१४ अंशानेच बदलते, तीन मीटरवर पाऊण सेंटिमीटरदेखील नाही. लायचं महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे: टो फार वर राहिला तर हील गवतात अडते, आणि डोकं तिरकं दिसल्याने निशाणा चुकतो. तळ जमिनीवर टेकवून पटर लावा. टोखाली दोन नाणी सरकतील एवढी फट चालेल, त्याहून जास्त असेल तर लाय बदलून घ्या. नियमाप्रमाणे शाफ्ट उभ्या रेषेपासून किमान १० अंश कललेला असावाच लागतो, त्या हद्दीत राहा.

लॉफ्ट मात्र नक्की तपासा. बॉल गवतात स्वतःच्या वजनाने किंचित रुतलेला असतो, त्याला त्या खळग्यातून वर काढायला ३-४ अंश लागतात. कमी पडले तर बॉल आधी जमिनीत दाबला जातो आणि मग उडी मारतो. जास्त झाले तर हवेत उचलला जाऊन घसरत जातो. दोन्हींत अंतराचा अंदाज बिघडतो. जुने पटर हळू ग्रीनसाठी केलेले असल्याने त्यांत ५ अंशही सापडतात, आणि कुणी पटरवर रेलून उभं राहिलं असेल तर मान (डोकं शाफ्टला जोडणारा भाग) वाकून शून्यही झालेले असतात. मोजायला फोनमधलं लेव्हल ॲप पुरे. पटर एखाद्या सांदीत किंवा दोन पुस्तकांत असा धरा की बाजूने बघताना शाफ्ट अगदी उभा दिसेल, ॲप शाफ्टला लावून खात्री करा, मग फोनची कड फेसला लावा. २ ते ५ अंशांत असेल तर हरकत नाही. एक लक्षात ठेवा, मारताना तुम्ही हात बॉलच्या पुढे २.५ सेंटिमीटर नेत असाल तर दीड-पावणेदोन अंश लॉफ्ट तिथेच कमी होतो. अशा खेळाडूला ४-५ अंशांचा जुना पटरच बरा पडतो.

स्टील किंवा मँगनीज ब्राँझच्या डोक्याची मान क्लब दुरुस्त करणाऱ्याकडे यंत्रावर एक-दोन अंश वाकवता येते. घरी पकडीत धरून हे करू नका. मान तडकते किंवा पिळते आणि मग फेस शाफ्टच्या रेषेला काटकोनात राहत नाही.

आता पटर हातात घेतल्यावर काय बघायचं ते. विक्रेत्याने पाठवलेल्या फोटोंत डोकं नेहमी वरून दाखवतात, कारण खरी कहाणी तळ, मान आणि ग्रिपखाली असते.

सुरुवात मानेपासून करा. एका हाताने डोकं, दुसऱ्याने शाफ्ट घट्ट धरून उलटसुलट पिळा, कान जवळ ठेवा. कट् असा बारीक आवाज आला किंवा केसभरही हालचाल जाणवली तर आतलं इपॉक्सी सुटलंय. हे मोठं संकट नाही, दुरुस्त करणारा डोकं काढून, दोन्ही पृष्ठभाग घासून नव्याने चिकटवतो आणि चोवीस तास सुकू देतो. पण त्या खर्चाएवढी किंमत कमी करून घ्या. मानेवर पकडीच्या दातांचे ओरखडे असतील तर कुणीतरी ती वाकवली आहे, तिथे लॉफ्ट दोनदा मोजा.

मग शाफ्ट. बटाकडून (ग्रिपच्या वरच्या टोकाकडून) एका डोळ्याने डोक्याकडे बघत पटर हळूहळू फिरवा. बाक असेल तर एका जागी रेषा पोटासारखी पुढे येते. वाकलेला स्टीलचा शाफ्ट सरळ करण्याच्या फंदात पडू नका, पटर सोडून द्या. क्रोमवर मिरीएवढे गंजाचे ठिपके असतील तर बारीक स्टील वूल आणि तेलाचा थेंब पुरतो. ग्रिपच्या खालच्या तोंडाशी मात्र नखाने ग्रिप किंचित सरकवून बघा. घामाचं पाणी तिथे साचतं. नखाला गंजाचे पापुद्रे लागले तर शाफ्ट आतून खाल्ला गेला असू शकतो.

फेस उजेडाकडे धरा आणि त्यावर स्टीलची पट्टी उभी टेकवा. पट्टीखालून मध्यावर उजेडाची रेघ दिसली तर फेस सपाट नाही. वरवरचे डाग, रंग उडणं, तळावरचे ओरखडे यांकडे दुर्लक्ष करा, तुमच्या पहिल्या पर्यायाला त्यामुळेच तर किंमत कमी आहे. फेसच्या मधल्या तीन सेंटिमीटरमध्ये नखाला अडणारा खड्डा असेल तर घेऊ नका. खालच्या कडेवर दगडाचा ठोका बसून धातू बाहेर आलेला असेल तर बारीक कानशीने तो उंचवटा तेवढा उतरवता येतो. याउलट जुना पटर आरशासारखा चकाकत असेल तर सावध व्हा. यंत्रावर पॉलिश करताना कडा गोलावतात, अक्षरं उथळ होतात आणि फेसचा सपाटपणा जातो. उडालेल्या रंगाचा प्रामाणिक पटर त्याहून कितीतरी बरा.

शेवटी स्वीट स्पॉट. ग्रिपच्या टोकाला दोन बोटांच्या चिमटीत पटर लोंबता धरा आणि पेन्सिलच्या मागच्या रबराने फेसवर हीलपासून टोपर्यंत टकटक करत जा. बहुतेक जागी डोकं वळतं. एका जागी ते न वळता सरळ मागे जातं, तो स्वीट स्पॉट. ती जागा वरच्या रेघेशी जुळते का बघा. तीन-चार मिलिमीटरचा फरक असेल तर खेळताना बॉल रेघेसमोर न ठेवता त्या जागेसमोर ठेवा.

आन्सरच्या तळावर स्कॉट्सडेलचा पत्ता कोरलेला असेल तर तो संग्राहकांच्या मागणीचा नमुना आहे, किंमत जास्त लागेल आणि खेळायला त्याने काही जादा मिळणार नाही. फीनिक्सचा पत्ता असलेले पुष्कळ निघाले, खेळायला तेच घ्यावेत.

ग्रिपसाठी वेळ काढा. कडक झालेली ग्रिप घट्ट धरावी लागते, घट्ट धरलं की मनगटं आखडतात आणि अंतराची जाण जाते. नवी साधी पिस्तूल आकाराची रबरी ग्रिप घ्या. जाड फोमची ग्रिप या डोक्याला लावू नका. ती हातांतली हालचाल दाबते, हे काहींना हवं असतं, पण हलक्या डोक्याची जाणीव त्यात पार हरवते. आणि जाड ग्रिप वजनदार निघाली तर दर ५ ग्रॅममागे स्विंगवेटचा साधारण एक अंक आणखी जातो. जुनी ग्रिप आकड्यासारख्या वळलेल्या पात्याने, अंगापासून दूर कापत काढा. जुनी टेप खरवडून शाफ्ट पुसा. दुहेरी चिकट टेप ग्रिपच्या लांबीइतकी लावा, बटावर सेंटिमीटरभर जास्त ठेवून ती आत दुमडा. ग्रिपचं मागचं छिद्र बोटाने बंद करून आत सॉल्व्हंट ओता, दोन्हीकडे फिरवा, तेच टेपवर ओता आणि ग्रिप एका दमात शेवटपर्यंत ढकला. जुळवायला तुमच्याकडे एखाद-दोन मिनिटं असतात.

ही जुळवणी सगळ्यांत जास्त चुकते. ग्रिपचा पुढचा सपाट भाग फेसला अगदी काटकोनात हवा, कारण अंगठे त्याच्यावर बसतात आणि हात त्याच्याकडूनच फेसची दिशा शिकतात. तो दोन-तीन अंश फिरला तर हात दर वेळी फेस तेवढा उघडतात किंवा मिटतात, आणि माणूस वर्षभर स्ट्रोक सुधारत बसतो. फेस दाराच्या चौकटीला सपाट टेकवा, वरून बघा आणि ग्रिपचा सपाट भाग चौकटीशी अगदी काटकोनात येईपर्यंत फिरवा. मग रात्रभर हात लावू नका. तुमच्या सध्याच्या मॅलेटची ग्रिपही आज अशीच चौकटीला लावून बघा. ती डावीकडे फिरलेली निघाली तर डावीकडे जाणाऱ्या पटांचं एक कारण विनाखर्च सापडेल.

तिसऱ्या पर्यायाबद्दल थोडक्यात. इतक्या स्वस्त नव्या ब्लेडचं डोकं बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचं, साच्यात दाबून केलेलं आणि वरून मुलामा दिलेलं असतं. लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर डोकं कार्बन स्टीलचं किंवा चुंबकाला धरणाऱ्या स्टेनलेसचं आहे. चिकटला नाही तर ते जस्त असू शकतं, पण ३०३ स्टेनलेस, पितळ आणि ब्राँझ यांनाही चुंबक नीट धरत नाही, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका. ‘स्टेनलेस’ असा स्पष्ट उल्लेख नसेल, चुंबक चिकटत नसेल आणि कडेच्या टवक्याखाली फिकट राखाडी धातू दिसत असेल, तर ते बहुधा जस्तच. त्याचा बॉल वाईट जातो असं नाही. पण त्याची मान वाकवली की तुटते, म्हणजे लॉफ्ट-लाय जसा आला तसाच कायम. जो आकडा विक्रेत्यालाही माहीत नसतो, त्यावर जन्मभर खेळायचं कशाला?

चौथा. या नावाच्या बनावट पटरांचा सुळसुळाट आहे, आणि कोरा, हेडकव्हरसकट, तिसऱ्या हिश्श्यात मिळणारा खरा निघणं जवळपास अशक्य. बनावटीत अक्षरांच्या कडा बोथट, रंग खाचेबाहेर आलेला, मिलिंगच्या रेघा असमान दिसतात. पण चांगली नक्कल फोटोवरून जाणकारालाही फसवते, म्हणून फोटो बघत बसण्यात वेळ घालवू नका.

पटर पसंत पडला की विकत घेण्याआधी एक शेवटची परीक्षा. बॉलपुढे एक मीटरवर दोन टी सहा सेंटिमीटर अंतराने रोवा. बॉलचा व्यास ४२.७ मिलिमीटर असतो, तेव्हा या फाटकातून जायला दोन्ही बाजूंना फक्त अर्ध्या अंशाची सूट मिळते. आधी मॅलेटने वीस पट, मग ब्लेडने वीस. टीला लागलेले पट डावीकडचे किती आणि उजवीकडचे किती, हे वेगळं लिहा. ब्लेडने एकूण चुका थोड्या जास्त झाल्या तरी चालतील, हात बसायला वेळ लागतो. डावीकडच्या चुका कमी झालेल्या दिसल्या पाहिजेत. त्या जशाच्या तशा राहिल्या तर टो हँगचा तुम्हाला उपयोग नाही, आणि मग हा पटर फक्त आवडतो म्हणून घ्यायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. आवडलेल्या पटरने माणूस सराव जास्त करतो, हेही कारण मी कमी मानत नाही.

तुमचा आन्सर तपासणीत नापास झाला, किंवा तोवर विकला गेला, तर याच घडणीचे वापरलेले बरेच मिळतात. पिंग आन्सर २चं डोकं थोडं बारीक आणि लांबट असतं, तुमच्या आवडीला ते जास्तच जुळेल. ओडिसी व्हाइट हॉट १ला फेसमध्ये मऊ इन्सर्ट (वेगळा बसवलेला तुकडा) असतो. तो घेताना फेसवर नखाने टिचकी मारा, बद्द किंवा झिणझिणता आवाज आला तर इन्सर्ट सुटत चाललाय. क्लीव्हलँड हंटिंग्टन बीच मालिकेतले ब्लेड ३०४ स्टेनलेसचे आहेत, मिलिंग केलेला फेस आणि आजच्या वजनाचं डोकं त्यांत कमी पैशांत मिळतं, आणि ३३-३४ इंची नग शोधायला त्रास पडत नाही. लांबी तुमच्या मापाची आणि डोकं ३४० ग्रॅमच्या आसपास असलेला असा एखादा दिसला, तर जुन्या आन्सरआधी तोच उचला.